स्वयंसेवक आहेत, संघटक कुठे आहेत?

मुंबईला स्वयंसेवकांचा तुटवडा कधीच भासलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहराची सारी व्यवस्था पाण्याखाली गेली. त्या रात्री अनोळखी माणसांना घरात घेणारे, दोर बांधून पाण्यातून वाट काढून देणारे आणि चहा-बिस्किटे घेऊन रस्त्यावर उभे राहणारे लोक कोणाच्या आदेशाने आले नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि हातावर पोट असणाऱ्यांच्या चुली विझल्या, तेव्हाही गुरुद्वारे, मशिदी, गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि कालपर्यंत एकमेकांना न ओळखणारे तरुण यांनी अन्नाची पाकिटे वस्तीवस्तीत पोहोचवली. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्तदान व प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ केला. अशा प्रत्येक प्रसंगानंतर ‘मुंबईचे स्पिरिट’ या शब्दांची उधळण होते. ती इतक्या वेळा झाली आहे की, खुद्द मुंबईकरांनाही आता तिचा कंटाळा आला आहे.

प्रश्न पूर ओसरल्यानंतरचा आहे. आपत्तीत धावून येणारे हे हजारो हात एरवी कुठे असतात? पालिकेच्या शाळेत वाचता न येणारे मूल, एकाकी वृद्ध, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडणारा रुग्ण, गटारालगतची झोपडी यांची आपत्ती एका दिवसाची नसते. ती बारमाही असते. तिथे उत्साहापेक्षा सातत्य लागते आणि नेमके तेच या शहरात दुर्मीळ आहे. याचा दोष सामान्यतः नागरिकांच्या माथी मारला जातो. लोक आत्मकेंद्री झाले, तरुण पिढीला सामाजिक भान नाही, लोकलच्या प्रवासातच जीव जातो, ही त्याची ठरलेली कारणे. ती सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु खरे कारण वेगळे आहे. स्वयंसेवकाच्या एका तासाचे सेवेत रूपांतर करणारा जो पूर्णवेळ माणूस लागतो, त्याच्यावर खर्च करण्याची तयारी ना देणगीदारांची आहे, ना कायद्याची, ना सरकारची. संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून २०२६ हे वर्ष जाहीर केले. त्या निमित्ताने स्वयंसेवकांचे सत्कार होणे स्वाभाविक आहे. तथापि, सत्कारापेक्षा हिशेब मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल.

जुना धडा

हा हिशेब मुंबईला नवा नाही. नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा सार्वजनिक कार्य फावल्या वेळात करण्याची गोष्ट नव्हे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. समाजाच्या सदस्याने आपले आयुष्य कार्याला वाहायचे आणि त्याच्या व कुटुंबाच्या साध्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने घ्यायची, अशी ती रचना होती. याच समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवणाऱ्या या संस्थेभोवती शिकलेल्या, सुस्थितीतील स्वयंसेवकांचे वर्तुळ होते. मात्र त्या वर्तुळाच्या मध्यभागी जोशी यांच्यासारखा उद्याच्या भाकरीची चिंता नसलेला, पण श्रीमंतीचीही आस नसलेला पूर्णवेळ कार्यकर्ता होता. म्हणूनच लीगचे काम कोणा एकाच्या सवडीवर अवलंबून राहिले नाही. पुढे १९२० मध्ये अखिल भारतीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयटकच्या उभारणीत जोशी अग्रभागी राहिले, त्यामागे गिरणगावातील याच कामाची शिदोरी होती.

दुसरा धडा नागपाड्याचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे ‘नेबरहूड हाऊस’ उभारले. दाट वस्तीतील लोकांसाठी काम करताना सद्भावना पुरत नाही, प्रशिक्षण लागते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. त्याचे पहिले वर्ग नागपाड्याच्या त्याच वास्तूत भरले आणि तीच संस्था आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. सेवा हे शिकण्याचे आणि पोट भरण्याचेही काम असू शकते, ही कल्पना देशात जिथे प्रथम संस्थारूपाला आली, त्याच शहरात आज ‘सेवेचे पैसे कसले?’ हा प्रश्न विचारला जावा, हे विलक्षण आहे.

एका तासामागचे तास

स्वयंसेवेचे अर्थशास्त्र समजण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या वस्तीत मुलांना शिकवण्यासाठी महाविद्यालयीन तरुणी दर शनिवारी दोन तास देऊ इच्छिते. तिचे ते दोन तास विनामूल्य आहेत. पण वर्गाला जागा कोणी मिळवायची? मुख्याध्यापकांची परवानगी कोणी काढायची? मुले का येत नाहीत हे पाहण्यासाठी घरोघर कोणी फिरायचे? तिची परीक्षा आली की बदली शिक्षक कोण शोधणार? मुलांच्या सुरक्षिततेसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी कोण करणार? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर ही केवळ नैतिक जबाबदारी राहिलेली नाही. ही सारी कामे शनिवारी होत नाहीत. ती सोमवार ते शुक्रवार होतात आणि ती करणाऱ्या माणसाला घरभाडे द्यावे लागते. असा माणूस नसेल तर ती तरुणी तीन शनिवार येते, चौथ्या शनिवारी वर्गाला कुलूप पाहून परतते आणि पुन्हा येत नाही. मग आपण म्हणतो, तरुण पिढीला सामाजिक भान नाही!

राष्ट्रीय सेवा योजनेकडे पाहावे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावे, ही तिची अपेक्षा. कल्पना उत्तमच, अनेकांच्या आयुष्याला तिने वळण दिले, हेही खरे. परंतु साधारण शंभर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीमागे एक कार्यक्रम अधिकारी असतो आणि तो मुळात प्राध्यापक असतो. तासिका, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि विद्यापीठाची कागदपत्रे सांभाळून त्याने वर्षाला शंभर जणांच्या प्रत्येकी १२० तासांचे नियोजन करायचे. परिणाम काय होतो? प्रभातफेरी, पथनाट्य, रक्तदान, वृक्षारोपण, असे एका दिवसात उरकणारे आणि छायाचित्रात मावणारे उपक्रम वाढतात. तास भरतात; नाते मात्र जुळत नाही. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक ‘सेवादिना’चेही याहून वेगळे नाही. शंभर कर्मचारी एका सकाळी शाळेची भिंत रंगवून जातात, तेव्हा त्यांच्या स्वागताची, रंगाची आणि अल्पोपाहाराची व्यवस्था करण्यात त्या संस्थेचा आठवडा गेलेला असतो.

याउलट ज्या संस्थांनी मुंबईत काही टिकाऊ उभे केले, त्यांचा प्रवास पाहिला तर एक समान सूत्र आढळते. शाहीन मिस्त्री यांनी १९९१ मध्ये ‘आकांक्षा’ सुरू केली, तेव्हा कुलाब्यातील एका शाळेचा रिकामा वर्ग आणि महाविद्यालयीन मित्रमैत्रिणी हेच भांडवल होते. पुढे संस्था पालिकेच्या शाळा चालवू लागली, तेव्हा ते काम पगारी शिक्षकांवाचून होणार नव्हते. त्यांच्याच पुढाकाराने २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘टीच फॉर इंडिया’त दोन वर्षे पूर्णवेळ शिकवणाऱ्या तरुणांना वेतन मिळते. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’च्या बालवाड्या वस्तीतल्याच तरुणींनी, अनेकदा स्वतःच्या घरात, अल्प मोबदल्यावर चालवल्या. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून जन्मलेली १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा तर रात्री दोन वाजताही कोणीतरी फोन उचलेल, या भरवशावरच उभी होती. तो भरवसा सवडीच्या स्वयंसेवेतून मिळत नाही. पुढे ती देशभर पसरली आणि २०२३ मध्ये सरकारी यंत्रणेकडे गेली. या सर्व संस्थांनी स्वयंसेवा सोडली नाही, तिला कणा दिला.

पलीकडचा हात

संघटक केवळ संस्थेत असून भागत नाही. पालिकेच्या बाजूलाही तो लागतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून आपली गल्ली स्वच्छ केली आणि त्यातून पालिकेने ‘एएलएम’ म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची कल्पना शहरभर नेली. ज्या विभागात पालिकेचा अधिकारी रहिवाशांच्या बैठकीला नियमित बसत असे, तिथे ही योजना बहरली. जिथे त्याची बदली झाली आणि नव्या साहेबांना तिचे सोयरसुतक उरले नाही, तिथे ती कागदावर राहिली. घराघरांत वेगळा केलेला कचरा पालिकेच्या गाडीत पुन्हा एकत्र होताना पाहणे, यासारखा स्वयंसेवकाचा दुसरा तेजोभंग नाही.

वर्सोव्याच्या किनाऱ्याची कहाणीही हेच सांगते. अफरोज शाह या तरुण वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. दर आठवड्याला माणसे वाढत गेली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्काराने त्यांचा गौरव केला. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी मोहीम थांबवत असल्याचे जाहीर केले. स्वयंसेवकांना होणारी दमदाटी आणि गोळा केलेला कचरा न उचलणारे प्रशासन ही त्यामागची कारणे होती. चक्रे हलली, आश्वासने मिळाली, मोहीम पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. जगाने गौरवलेल्या मोहिमेलाही ढिगारा उचलणाऱ्या एका गाडीसाठी अडून बसावे लागत असेल, तर ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत, अशा गल्लीबोळांतील मंडळांची काय कथा?

पैसा आहे, माणसासाठी नाही

पैशांचा प्रश्न नाही काय? आहे, पण तो निधीच्या अभावाचा कमी आणि निधीच्या अटींचा अधिक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावयाची असते. देशातील अनेक बड्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत असल्याने हा ओघ या शहराला परका नाही. परंतु २०२१ च्या सुधारित नियमांनी कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा घातली. काटेकोरपणे पाहता ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापकीय खर्चाला आहे, संस्थेच्या कार्यकर्त्याच्या वेतनाला नाही. व्यवहारात मात्र ‘प्रशासन म्हणजे उधळपट्टी’ ही समजूत वरून खाली झिरपते आणि प्रस्तावातील पहिली कात्री संघटकाच्या वेतनावर चालते. वह्या, संगणक, शौचालय, फलक यांना पैसा मिळतो, ते चालवणाऱ्या माणसाला नाही.

परदेशी देणग्यांबाबतही तेच. विदेशी अंशदान नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यासही मनाई केली. या दुरुस्तीची वेळ पाहावी. करोनाच्या काळात मोठ्या संस्थांमार्फत वस्तीपातळीवरील लहान संस्थांना रसद पोहोचण्याची गरज सर्वाधिक होती आणि नेमका तोच मार्ग बंद झाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सेवेच्या नावाखाली वातानुकूलित कार्यालये थाटणाऱ्या, परिषदांच्या निमित्ताने विमानप्रवास करणाऱ्या आणि केवळ कागदोपत्री जगणाऱ्या संस्था आपण पाहिलेल्या नाहीत काय? जरूर पाहिल्या आहेत. त्यांना चाप लावण्यासाठी धर्मादाय आयुक्त आहेत, आयकर विभाग आहे, लेखापरीक्षण आहे. ती यंत्रणा अधिक कडक व्हावी. परंतु टक्केवारीची मर्यादा लबाडाला अडवत नाही. तो खर्चाचे शीर्षक बदलतो. ती अडवते प्रामाणिक संस्थेला, जिचा सारा खर्चच मुळी माणसांवर असतो. वस्तीत फिरणारी कार्यकर्ती हा संस्थेचा ‘वरखर्च’ नव्हे; तीच संस्थेचे काम आहे.

‘स्वयंसेविका’ नावाची सोय

या काटकसरीचे सर्वांत विदारक रूप सरकारी यंत्रणेतच पाहायला मिळते. मुंबई महापालिकेच्या आरोग्यसेविका झोपडपट्ट्यांतून घरोघर फिरतात. गर्भवतींची नोंद, बालकांचे लसीकरण, पोलिओचे डोस, क्षयरुग्णांचा पाठपुरावा ही सारी कामे त्यांच्या पायांवर चालतात. करोनाकाळात लोक दार उघडायला घाबरत होते, तेव्हा त्या दार ठोठावत होत्या. दप्तरी त्यांची ओळख मात्र ‘सामाजिक आरोग्य स्वयंसेविका’. स्वयंसेविका असल्याने वेतन नाही, मानधन. आणि मानधन असल्याने किमान वेतन, निवृत्तिवेतन, प्रसूती रजा या प्रत्येक गोष्टीसाठी आझाद मैदानाची आणि न्यायालयाची पायरी. ‘आशा’ कार्यकर्तींना जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये गौरवले, पण त्याही व्याख्येने स्वयंसेविकाच.

सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ देय असल्याचा निर्णय दिला. त्यांना मिळणारे मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे त्यात स्पष्ट केले गेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील स्त्रियांना हे ऐकायला सत्तेचाळीस वर्षे लागली. कामाचे ठिकाण, वेळ, नोंदवह्या आणि जाब विचारणारा वरिष्ठ हे सारे ठरलेले असेल, तर ते काम स्वेच्छेचे कसे? ज्या गोष्टीला नकार देता येत नाही तिला सेवा म्हणणे हा शब्दाचा आणि माणसाचा, दोघांचाही अवमान आहे.

येथे एक वर्गीय विसंगतीही दडलेली आहे. सुस्थितीतील माणूस रविवारी दोन तास देतो, तेव्हा त्याचे कौतुक होते, प्रमाणपत्र मिळते. वस्तीतील स्त्री आठवड्याचे सहा दिवस देते, तेव्हा तिच्या श्रमाला ‘निसर्गदत्त सेवाभाव’ म्हटले जाते. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या दशकात ‘स्पार्क’ या संस्थेच्या साथीने ‘महिला मिलन’ उभे केले, रोजच्या कमाईतून बचत केली, हक्काच्या घरासाठी आपल्याच वस्त्यांची मोजणी केली. तीही स्वयंसेवाच होती. गरिबाचा वेळ विनामूल्य असतो, हे गृहीतक एकदा मनातून काढले की बऱ्याच गोष्टी स्वच्छ दिसू लागतात.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. देणगीदार कंपन्यांनी प्रत्येक प्रकल्पात संघटकाच्या वेतनाचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तो किमान तीन वर्षांसाठी मंजूर करावा. भिंत एकदा कमी रंगली तरी चालेल. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे तास दहा उपक्रमांत विखरू न देता एका संस्थेशी, एका वस्तीशी दोन वर्षे जोडावेत आणि कार्यक्रम अधिकाऱ्याचा अध्यापनभार त्या प्रमाणात कमी करावा. पालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयात नागरिकांच्या गटांशी समन्वय ठेवणारा अधिकारी नेमावा. त्याची बदली झाली तरी बैठकीची तारीख बदलू नये. आणि सरकारने ‘स्वयंसेवक’ या शब्दाची सीमा एकदा कायद्याने आखावी. ज्याच्याकडून नियमित काम घेतले जाते, तो कर्मचारी. त्याला वेतन द्यावे आणि वेतन परवडत नसेल तर निदान त्याला स्वयंसेवक म्हणू नये.

पुढचा मोठा पाऊस येईल तेव्हा मुंबईकर पुन्हा रस्त्यावर उतरतील, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती दोर असेल, चहाची किटली असेल. परंतु कोणत्या चाळीच्या तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे, कोणत्या झोपडीत बाळंतीण आहे, हे त्यातील किती जणांना ठाऊक असेल? ते ठाऊक असते वर्षभर तिथे फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला, बालवाडीच्या ताईला, मंडळाच्या कार्यकर्त्याला. ती माणसे आज मानधनावर, उसनवारीवर आणि पुढच्या वर्षीच्या अनुदानाच्या आशेवर तग धरून आहेत. त्यांना टिकवणे हाच शहराच्या स्वयंसेवेचा खरा पाया होय.